बदकांची पंगत आणि मी

मी एक दुर्बीण. जत्रेत फुग्यांच्या शेजारी टांगलेली नव्हे. पितळी अंगाची, वर काळे कातडे मढवलेली आणि दोन्ही भिंगे शाबूत असलेली. हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण मला हातात घेतल्यावर माणसे पहिला प्रश्न विचारतात, "खरी आहे का?" आणि दुसरा, "यातून चंद्र दिसतो का?" चंद्र दिसण्यासाठी माझी आवश्यकता नसते, मान वर करावी लागते, परंतु तेवढे कष्ट कोण घेणार?

माझा जन्म जपानात झाला. बोटीने मद्रासला आणि तेथून आगगाडीने मी बंगळूरला आले. माझे पहिले मालक कॅन्टोन्मेंटमध्ये राहणारे एक निवृत्त मेजर होते. ते मला घोड्यांच्या शर्यतींना नेत. ते माझ्यातून घोडे पाहतात अशी त्यांच्या पत्नीची समजूत होती, आणि ती मोडण्याचे मला काही कारण नव्हते.

मेजरसाहेब वारल्यावर लिलावात मला नारायणरावांनी घेतले. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि त्यांना कसोटी सामना पाहायचा होता. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यातून खेळपट्टी पाहिली, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, आणि माझी क्रिकेटमधील कारकीर्द संपुष्टात आली. पुढे मी त्यांच्या राजाजीनगरच्या घरातील लोखंडी कपाटात, सासूबाईंचा शालू आणि डांबराच्या गोळ्या यांच्यामध्ये राहिले. जपून ठेवणे म्हणजे कुणालाच वापरू न देणे, हा अर्थ मला त्या मराठी घरात समजला.

नारायणरावांच्या पश्चात मला बाहेर काढले ते त्यांच्या पत्नीने, हेमलताबाईंनी. पक्षिनिरीक्षणाच्या ओढीने काढले, असे आता सगळे सांगतात. ते खरे नाही. गच्चीतील त्यांच्या दोरीवर आपली ओली गोधडी कोण वाळत घालते, याचा छडा त्यांना लावायचा होता. गोधडीची मालकीण सापडली नाही. मात्र शेजारच्या टीव्हीच्या अँटेनावर एक हिरवागार वेडा राघू बसलेला सापडला. हेमलताबाईंनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिले की शेगडीवरचे दूध उतू गेले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचे दूध उतू गेल्याचे कुणी ऐकले नव्हते.

तेव्हापासून आम्ही दोघी हिंडू लागलो. आनेकलच्या रस्त्यावर एक तळे आहे. बसमधून उतरून शेतातून थोडे चालावे लागते. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडून बदके येतात. देशभर अशा तळ्यांवरील पाणपक्ष्यांची दर जानेवारीत मोजणी करणारी काही सज्जन मंडळी आहेत. हेमलताबाईंनी त्यांना पत्र घातले आणि ते तळे स्वतःच्या अंगावर घेतले. दर जानेवारीत आकडा कार्डावर लिहून पाठवायचा, एवढेच काम. परंतु त्याला एक अट होती. एकही हिवाळा सुटता कामा नये. सलग आकडे असले तरच त्यातून काही कळते. मध्ये खंड पडला की ते तळे यादीतून गळते, आणि यादीतून गळलेल्या तळ्याकडे मग फक्त घरे बांधणारे लक्ष देतात.

हेमलताबाईंची मोजण्याची रीत त्यांची स्वतःची होती. त्यांचे माहेर धारवाडचे, माणसांनी भरलेले. लग्नकार्यात दाराशी उभे राहून पंगतीत किती पाने आहेत हे आचाऱ्याला ओरडून सांगण्याचे काम लहानपणी त्यांच्याकडे असे. एकेक माणूस मोजायचा नाही; एक ओळ नजरेत धरायची, तशा ओळी किती ते पाहायचे, आणि टोकाला सुटी बसलेली मंडळी वेगळी जमेस धरायची. बदकांनाही त्यांनी हाच न्याय लावला. बदकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पंगतीतील माणसांपेक्षा ती पुष्कळ शांतपणे जेवतात.

अशी काही वर्षे सुखात गेली. मग शहाण्णव सालच्या हिवाळ्याआधी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

हे डॉक्टरांच्याही आधी मला कळले. माझ्या मध्यभागी एक चाक आहे; ते फिरवले की अंधुक दिसणारे स्पष्ट होते. पूर्वी हेमलताबाई ते जेमतेम अर्धे फिरवत. आता त्या फिरवीत राहत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा उलट. दोष माझ्यात असावा असे समजून त्यांनी मला मऊ धोतराच्या तुकड्याने इतके पुसले की माझी जन्मजात धूळही निघून गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू पिकला की शस्त्रक्रिया करू, उन्हाळ्यात या.

हेमलताबाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. एकदा 'दिसत नाही' म्हटले की हात धरून रस्ता ओलांडून देणारे पुष्कळ भेटतात, आपल्याला ओलांडायचा असो वा नसो. पण जानेवारी तर उन्हाळ्याच्या आधी येतो, आणि त्या जानेवारीत मोजणार कोण? आपल्या तळ्याची साखळी आपल्याच हातून तुटणार, या एका चिंतेने त्यांची झोप उडाली. तेव्हा ज्या दारात वर्गणीखेरीज त्या कधी गेल्या नव्हत्या, त्या मराठी मंडळाच्या दारात त्या मला पिशवीत घालून गेल्या.

मंडळाचे अध्यक्ष आप्पाजी हे निपाणीकडचे, तीन पिढ्या चिकपेटेत कापडाचा व्यापार. कार्यवाह शंतनु हे पुण्याहून नव्याने आलेले, संगणकाच्या कंपनीत. आप्पाजी प्रत्येक गोष्टीला 'सरी', म्हणजे कानडीतले 'बरं', म्हणत, आणि शंतनुराव प्रत्येक गोष्टीला 'इव्हेंट' म्हणत. दोघांचे त्यामुळे उत्तम जमे.

"मला एक चांगल्या डोळ्यांचे माणूस हवे आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "एका सकाळपुरते. मी शिकवीन, ते मोजील. न बोलणारे असले तर उत्तम."

"काकू, एक काय, शंभर देतो," शंतनुराव म्हणाले. "संक्रांतीच्या रविवारी फॅमिली इव्हेंटच करू. पक्षी-मेळा. दोन बस. मुलांना टोप्या."

"शंभर नकोत. एक पुरे."

"काकू, एकासाठी बस कशी ठरवणार?"

"मी तेथे नेहमी आनेकलच्या बसने जाते."

आप्पाजी कळवळून म्हणाले, "अक्का, तुम्ही एकट्या कशाला जाता? सगळे मिळून जाऊ की. मुलांनाही कळेल, पक्षी म्हणजे काय ते. सरी?"

"आणि जास्तीत जास्त पक्षी मोजणाऱ्या फॅमिलीला बक्षीस," शंतनुराव म्हणाले. "स्टीलचा डबा."

"बक्षीस ठेवू नका," हेमलताबाई म्हणाल्या. "बक्षिसासाठी मोजले की पक्षी वाढतात."

"मग चांगलंच आहे ना, काकू."

हेमलताबाईंनी पिशवीची नाडी आवळली. पिशवीच्या आत मी होते, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. तो न दिसलेलाच बरा.

ठरलेल्या रविवारी दोन बसगाड्या निघाल्या. बदके उजाडताना चरतात. मंडळी मात्र वाटेत इडली चरून, ऊन चांगले तापल्यावर तळ्यावर पोहोचली. संक्रांत असल्यामुळे सर्व स्त्रिया काळ्या साड्या नेसून आल्या होत्या. शंतनुरावांच्या पत्नी सुचेताताई यांनी प्रत्येकाच्या छातीवर पिवळाजर्द बिल्ला लावला. कोण कोणत्या कुटुंबातील हे बदकांनाही लांबून कळावे, असा हेतू असावा. सुचेताताईंचा उत्साह खरा होता. येथे हळदीकुंकू बदक नावाचे बदक असते हे ऐकून त्यांना इतके भरून आले की त्यांनी हळदीकुंकवाचा कार्यक्रम तळ्याच्या बांधावरच उरकला.

तेवढ्याने भागले असते. परंतु मंडळात त्या वर्षी बाळे पुष्कळ झाली होती, आणि संक्रांतीला बाळांचे बोरन्हाण करायचे असते. सगळी एकत्र आलीच आहेत, तर सामुदायिक करू, असे कुणाच्या तरी मनात आले. हलव्याचे दागिने घातलेली बाळे सतरंजीवर ओळीने बसवण्यात आली आणि त्यांच्या डोक्यांवरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे यांचा वर्षाव झाला. पाच मिनिटांत पक्षी आले. पंचक्रोशीतील यच्चयावत कावळे, साळुंक्या, दोन घारी आणि जवळच्या वस्तीतील कोंबड्या. मंडळी आनंदित झाली. "बघा, आपण आलो नि पक्षी आले," असे कुणी म्हणालेसुद्धा. मोजणीला सुरुवात झाली.

मुलांना मी एकेक करून पाहायला दिली गेले. चिकट बोटांविषयी मी काही बोलणार नाही. बहुतेकांनी माझ्यातून आपापली आई पाहिली. एकाने मला उलटे धरले आणि सगळे लांब गेले म्हणून रडू लागला. शंतनुरावांची निधी, दुसरीत शिकणारी, तेवढी नीट उभी राहिली.

"आजी, हा कावळा मी मघाशी मोजलाय. हा परत आलाय."

"मग तो पुन्हा मोजायचा नाही."

"पण त्या काकूंनी मोजला. त्या म्हणाल्या, आला की धरायचा. त्या जिंकणार आहेत."

"जिंकू देत," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचे लक्ष पाण्याकडे होते. पाणी त्यांना दिसत नव्हते, पण त्यावरील आवाज ऐकू येत होते. तोवर बदके पाण्याच्या मध्यावर सरकली होती. बिचारी अजून गेली नव्हती.

ती उणीव शंतनुरावांनी भरून काढली. त्यांनी ध्वनिक्षेपक आणला होता. "हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. सर्व फॅमिलीजना विनंती आहे की पक्षी उडवू नयेत." ही विनंती तळ्याच्या पलीकडील गावापर्यंत स्पष्ट ऐकू गेली, आणि सगळी बदके एकदम उडाली. त्यांनी दोन घिरट्या घेतल्या आणि ती पार दूर, बांधाच्या वळणापलीकडे उथळ पाण्यात उतरली.

हेमलताबाई उठल्या. मला गळ्यात अडकवून, काठी टेकीत, त्या एकट्याच त्या वळणाकडे निघाल्या. एका आंब्याखाली दगडावर बसून त्यांनी मला डोळ्यांना लावले आणि चाक फिरवले. या टोकापर्यंत. त्या टोकापर्यंत. पुन्हा. मी माझ्या परीने सर्व काही दाखवीत होते. प्रत्येक चोच, प्रत्येक पिसाची कड. माझ्या दोन भिंगांपुढे सगळे तळे स्वच्छ मांडलेले होते, आणि माझ्यामागे दोन पांढरे पडदे होते.

एवढ्यात तिळगुळाचा डबा घेऊन धनलक्ष्मी तेथे आली. ही आप्पाजींची सून. माहेर तुमकूरचे, कानडी; मराठी सासरी येऊन शिकली आणि आता सासऱ्यांपेक्षा बरी बोलत होती. मंडळाच्या गणपतीतील महाप्रसादाची पंगत सर्वस्वी तिच्या हाती असे.

"अक्का, इथं का बसलात? तिळगूळ घ्या, गोड बोला."

"गोड मागाहून बोलू. हे घे, डोळ्यांना लाव."

"मी? मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, अक्का. कावळा नि कोंबडी, बास."

"नावे मी सांगेन. काय दिसते?"

"माझ्याच पापण्या."

"थोडी लांब धर. आता मधले चाक फिरव. हळू."

धनलक्ष्मीने चाक अर्धे फिरवले आणि थांबली. किती दिवसांनी कुणी तरी थांबले.

"अय्यो, अक्का. केवढी बसली आहेत."

"बसली आहेत हे मला ठाऊक आहे. किती आहेत?"

"एवढी कशी मोजायची?"

"महाप्रसादाला दाराशी उभी राहून पाने कशी मोजतेस?"

"ते सोपं आहे. एक ओळ धरायची, तशा ओळी किती ते..." धनलक्ष्मीने मला तळ्याच्या डाव्या कडेला वळवले. मग तिचे ओठ हलू लागले. मी हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकू लागले. अशा ठाम, संथ गतीने की जणू कोणी वाढपी मागून येत होता.

"लांब टोकदार शेपटीची, मानेवर पांढरी रेघ?"

"तलवार बदके."

"चोच पळीसारखी?"

"थापट्या. वेगळी धर."

"काळी, कपाळावर पांढरा टिळा?"

"चांदवे. तीही वेगळी."

"स्वल्प थांबा, अक्का. ही चार उठून तिकडे बसली. परत धरायची नाहीत ना? आमच्याकडेही काहीजण दुसऱ्या पंगतीला बसतात. त्यांना मी तोंडावरून ओळखते. इथं सगळ्यांची तोंडं सारखीच."

हेमलताबाई त्या दिवशी प्रथमच हसल्या. त्यांनी तिला उलट दिशेने पुन्हा मोजायला लावले, मग आणखी एकदा. आकडे जवळजवळ जुळले.

"आणि गवतापलीकडे?" त्यांनी विचारले. "तेथे नेहमी काही असतात."

"आहेत. डोकी वरखाली होतात. पण मला दिसत नाहीत नीट."

"अंदाजे सांग."

"अंदाजे कशाला, अक्का? दिसत नाही ते दिसत नाही. उगीच काय सांगू?"

हेमलताबाईंनी काठी बाजूला ठेवली. मागे ध्वनिक्षेपकावर कुणाचे तरी बाळ रडत होते.

"मलाही दिसत नाही, धनलक्ष्मी," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यापासून. समोरचे सगळे तळे मला ताकासारखे दिसते. तू आली नसतीस, तर आज मी कोरे कार्ड घेऊन घरी गेले असते."

धनलक्ष्मीने मला खाली घेतले. आता हळहळ सुरू होणार, असे मला वाटले. मी माणसे पुष्कळ पाहिली आहेत.

"मग हे आधी सांगायचं नाही का?" ती जरा रागानेच म्हणाली. "मी तिकडे तिळगूळ वाटत बसले होते. चला, त्या गवताच्या बाजूने जाऊन बघू. उठा."

दोघी परतल्या तेव्हा समारोप चालू होता. शंतनुरावांनी सर्व कुटुंबांचे आकडे एकत्र करून त्यांची सुबक बेरीज केली होती, आणि पाच हजारांवर पक्षी मोजले गेल्याची घोषणाही झाली होती. टाळ्या वाजल्या होत्या. डबा ज्या कुटुंबाला मिळाला, त्याने अद्याप पाण्याकडे पाहिलेही नव्हते.

"काकू, पाच हजार. हाच आकडा तुमच्या त्या लोकांना पाठवून द्या."

"आम्ही चारशेच्या आत मोजले," हेमलताबाई म्हणाल्या.

"तुम्ही दोघीच होतात. आम्ही चाळीस फॅमिलीज होतो."

"शंतनुअण्णा," धनलक्ष्मी म्हणाली, "गणपतीला दोनशे पानांची पंगत बसते. उद्या चाळीस घरांनी येऊन मला सांगितलं, आम्ही दोनशे पानं बघितली, आणि मी सगळ्यांची बेरीज करून तांदूळ टाकला, तर?"

शंतनुराव विचारात पडले. ते हुशार होते. फक्त थांबण्याची सवय नव्हती. "तर भात उरेल," ते म्हणाले.

"उरेल नाही, अण्णा. मंडळ बुडेल त्यात."

आप्पाजींना हसू आवरेना. पण शंतनुरावांची अडचण खरी होती. "पण आकडा माइकवर सांगून झालाय," ते म्हणाले.

माइकवर सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. शेवटी आप्पाजींनी निवाडा दिला. "मंडळाचा आकडा मंडळाच्या अहवालात छापू. तळ्याचा आकडा अक्कांच्या कार्डावर जाऊ दे. सरी?"

"सरी," हेमलताबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकला. कार्डावर त्यांनी स्वतःच्या नावाखाली धनलक्ष्मीचे नाव घालायला लावले, आणि त्या संध्याकाळी मी पिशवीतून निघून धनलक्ष्मीबरोबर आप्पाजींच्या घरी गेले. तेथे मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खिळ्याला टांगलेली असते. कातड्याला हिंगाचा वास लागला आहे. तक्रार नाही, डांबराच्या गोळ्यांपेक्षा हिंग बरा.

उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. पुढच्या जानेवारीत मंडळाने पक्षी-मेळ्याऐवजी क्रिकेटचे सामने भरवले. गतवर्षीचा उच्चांक मोडणे अवघड होते. आम्ही मात्र आनेकलच्या बसने निघालो. धनलक्ष्मी, हेमलताबाई, आणि "मीपण येणार" म्हणून घरात उपोषणाला बसलेली निधी. उजाडताना आम्ही बांधावर होतो.

धनलक्ष्मीने मला हेमलताबाईंपुढे धरले. त्यांनी आपला नवा जाड चष्मा कपाळावर चढवला आणि मला डोळ्यांना लावले. चाक त्यांनी थोडेसे फिरवले, आणि थांबल्या. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. ओठ हलले नाहीत. त्या मोजत नव्हत्या. मग त्यांनी मला परत दिले.

"तू मोज. मी नुसती बघेन."

धनलक्ष्मीने मोजले, निधीने प्रत्येक ओळ बोटावर धरली. उलट दिशेने पुन्हा मोजले. गवतापलीकडे जाऊन आले.

"अक्का, यंदा कमी आहेत. पुष्कळ कमी. गेल्या वर्षाच्या निम्मीसुद्धा नाहीत."

"सगळीकडे बघितलेस?"

"बघितलं. पुन्हा एकदा बघू?"

"पुन्हा बघून ती येणार नाहीत. आहेत तेवढी लिही."

"आजी, कमी लिहिलं तर आपण हरलो का?" निधीने विचारले.

"आपण स्पर्धेला आलोच नव्हतो, बाळ. आपण मोजायला आलो होतो."

धनलक्ष्मीने आकडा लिहिला. तो लहान होता. पण लिहिला तो तेवढाच. तळ्याचा आणखी एक हिवाळा साखळीत ओवला गेला.

वाचकहो, मी वस्तू आहे; मला मागण्याचा अधिकार नाही. तरी एक विनंती करते. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण शालूखाली झोपलेली असेल, तर तिला उठवा. हात धुवा, ध्वनिक्षेपक घरी ठेवा, आणि उजाडण्यापूर्वी जवळच्या एखाद्या पाण्यावर जा. पक्षी कमी दिसतील. कदाचित दिसणारही नाहीत. तरी तेवढेच लिहा आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. आता निरोप द्या. गवतापलीकडे काहीतरी हलले आहे, आणि धनलक्ष्मी मला उचलते आहे.